फवारणीनंतरचा तिसरा दिवस

परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात जैविक कीटकनाशकाबद्दल कुणाही शेतकऱ्याला विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "मारून पाहिलं, रिझल्ट आला नाही." हे उत्तर खोटे नसते. ज्याने ते दिले त्याने पैसे मोजून पुडा आणलेला असतो, पंपात कालवून फवारलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला झाडावर जिवंत अळ्या दिसलेल्या असतात. परंतु जिवाणूंपासून बनवलेल्या कीटकनाशकाच्या बाबतीत दुसऱ्या दिवशीची जिवंत अळी हा अपयशाचा पुरावा होत नाही. आपण या औषधाची परीक्षा रासायनिक औषधाच्या कसोटीवर घेतो, आणि जिथे ते चालणारच नाही अशा किडीवरही तेच मारतो; त्याच्या बदनामीचे निम्म्याहून अधिक कारण मला यातच दिसते. उरलेले कारण बाजारात आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

या गटातला सर्वांत जुना आणि सर्वाधिक वापरला जाणारा जिवाणू म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी. तो मातीत सर्वत्र आढळतो. प्रतिकूल परिस्थिती आली की तो बीजाणू तयार करतो आणि त्याच वेळी पेशीत प्रथिनाचा एक स्फटिकही तयार होतो. पुड्यातल्या भुकटीत असतात ते हे बीजाणू आणि हे स्फटिक. स्फटिक स्वतः विषारी नसतो. अळीने पानाबरोबर तो गिळला पाहिजे, तिच्या आतड्यातल्या तीव्र अल्कधर्मी रसात तो विरघळला पाहिजे, तिथल्या पाचक द्रव्यांनी त्याचे तुकडे केले पाहिजेत, आणि त्यातून सुटलेला क्रियाशील भाग आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राहकांना, म्हणजे त्याला पकडून घेणाऱ्या रेणूंना, चिकटला पाहिजे. इतके सगळे जुळून आले की पेशींना छिद्रे पडतात, आतडे लुळे पडते आणि काही तासांतच अळीचे खाणे थांबते. त्यानंतर आतड्यातले जिवाणू शरीरपोकळीत शिरतात आणि अळी साधारण दोन ते पाच दिवसांत मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि आपल्या आतड्यात ते ग्राहक नसतात, म्हणून हीच भुकटी आपल्याला, गुराढोरांना आणि पाखरांना बाधत नाही. मधमाशी, ढालकिडा, क्रायसोपा यांसारख्या मित्रकीटकांनाही ती अपाय करत नाही.

म्हणजे फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी झाडावर दिसणारी अळी बहुधा उपाशी बसलेली असते. पिकाच्या दृष्टीने तिचे नुकसान करणे थांबलेले असते, फक्त ती खाली पडलेली नसते. रासायनिक औषधाने अळी तडफडून पडते आणि सकाळी सरीत मेलेल्या अळ्यांचा सडा दिसतो. तो पाहण्याची डोळ्यांना सवय झाली आहे. जिवाणूच्या फवारणीनंतर पाहायचे ते नव्या पानांवरचे ताजे कुरतडणे आणि अळीची ताजी हिरवी विष्ठा. या दोन खुणा कमी झाल्या असतील तर औषध लागू पडले आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळी मलूल होऊन काळपट पडते. याच काळात सोयाबीनवर पांढऱ्या भुकटीने माखून ताठ झालेली अळी दिसली तर ती बुरशीने मेलेली असते, आणि फांदीच्या टोकाला उलटी लटकून अंग पाण्यासारखे झालेली घाटेअळी विषाणूने. या खुणा ओळखता आल्या की आपल्या शेतात आपल्याआधी कोण कामाला लागले आहे, हे कळते.

आता वेळेचा प्रश्न. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतली लहान अळी या जिवाणूला सहज बळी पडते. मोठी, जाड झालेली अळी बरीच तग धरते. हरभऱ्यावरची घाटेअळी लहान असताना पानांचा हिरवा भाग खरवडून खाते, त्यामुळे पानावरचे औषध तिच्या पोटात जाते. तीच अळी मोठी झाली की घाट्याला छिद्र पाडून डोके आत खुपसते आणि अर्धे अंग बाहेर ठेवून दाणा खाते. मग पानावर कितीही औषध असले तरी तिच्या पोटात ते फारसे जात नाही. आपल्याकडे फवारणीचा निर्णय बहुधा घाटे पोखरलेले दिसल्यावर होतो. रासायनिक औषधाला तो उशीर काही प्रमाणात चालून जातो, जिवाणूला मुळीच चालत नाही. म्हणून मादीच्या गंधाचे आमिष दाखवून नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांना पर्याय नाही. सापळ्यात लागोपाठ तीन दिवस आठ-दहा पतंग सापडू लागले की अंडी घातली जात आहेत असे समजावे, शेंड्यांवर बारीक अळ्या शोधाव्यात, आणि ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसताच फवारणी करावी. सापळा लावून तो दोन महिने न पाहणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. सापळा अळी मारत नाही, तो फक्त तारीख सांगतो.

हरभऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. थंडीत पहाटे हरभऱ्यात चालले की धोतर किंवा साडीचा काठ ज्या आंबेने भिजतो, ती आंब म्हणजे पानांवरील ग्रंथींतून स्रवणारी मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले. ही आम्ले घाटेअळीला काही प्रमाणात नकोशी असतात, परंतु हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेतील अभ्यासांत असेही दिसले आहे की आम्लांचे प्रमाण वाढले की या जिवाणूचा प्रभाव कमी होतो. तेव्हा मोठ्या प्रयोगशाळेतली टक्केवारी हरभऱ्याच्या रानात जशीच्या तशी उतरेल अशी अपेक्षा धरू नये. तुरीवर ही अडचण नाही. मात्र तिथे झाड उंच, फांद्या दाट आणि फुलोरा वर असतो, त्यामुळे कळ्या-फुलांवर औषध नीट पोचवणे हेच खरे काम होऊन बसते.

ऊन हा या जिवाणूचा मोठा शत्रू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पानावरचे स्फटिक आणि बीजाणू थोड्याच दिवसांत निकामी होतात. म्हणून फवारणी सायंकाळी करावी, म्हणजे रात्रभर खाणाऱ्या अळीच्या पोटात ताजे औषध जाते. पुस्तकात ही सूचना एका ओळीत लिहून होते. प्रत्यक्षात पंपावर फवारणी करणारा मजूर सकाळी आठ-नऊला येतो, दुपारनंतर त्याचे काम संपलेले असते, आणि सायंकाळी फवारायला या म्हटले की तो वेगळी मजुरी मागतो किंवा सरळ नाही म्हणतो. त्याचेही चुकत नाही. अंधारात रानडुकरांच्या आणि सापांच्या भीतीने रानात कोण थांबेल? घरचा माणूस असेल तर हे जमते, एकट्या म्हाताऱ्या जोडप्याला जमत नाही. जैविक नियंत्रणाच्या प्रचारात औषधाच्या किमतीची तुलना होते, या सायंकाळच्या मजुरीची होत नाही, हे मला खटकते. ढगाळ दिवस मिळाला तर तो मात्र वाया घालवू नये.

पाण्याकडेही पाहावे लागते. आमच्याकडच्या अनेक बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. स्फटिक अल्कधर्मी द्रवातच विरघळतो; त्याने अळीच्या पोटात विरघळावे अशी योजना आहे, टाकीत नव्हे. फवारणीच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर नसावा, आणि कालवलेले द्रावण रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नये. सामू मोजण्याची कागदी पट्टी स्वस्त असते, आणि सायट्रिक आम्लाची चिमूट टाकून सामू खाली आणता येतो.

आता हा जिवाणू जिथे उपयोगाचा नाही ती ठिकाणे, कारण फसगत तिथेच अधिक होते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या किडी सोंड खुपसून रस शोषतात. पानाच्या पृष्ठभागावरचे काही खातच नाहीत, म्हणून त्यांच्यावर याचा काही परिणाम नाही. सोयाबीनमधील चक्रीभुंग्याची आणि खोडमाशीची अळी खोडाच्या आत असते, तिथेही नाही. सोयाबीनच्या उंटअळीवर तो चांगला चालतो, परंतु तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीवर नेहमीचा 'कुर्स्टाकी' हा प्रकार कमजोर पडतो. तिच्यासाठी 'ऐझावाय' हा प्रकार अधिक परिणामकारक मानला जातो. पुड्यावर प्रकाराचे नाव छापलेले असते, ते वाचण्याची तसदी घ्यावी. डासांच्या अळ्यांसाठी असलेला 'इस्रायलेन्सिस' प्रकार पिकावरच्या अळ्यांना चालत नाही. एकाच जातीच्या जिवाणूचे हे प्रकार इतके वेगवेगळे वागतात, कारण प्रत्येकाच्या स्फटिकातली प्रथिने वेगळी असतात.

कापसाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. बीटी कापसात याच जिवाणूच्या प्रथिनाचे जनुक घातलेले आहे. भारतात त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. झाड हे प्रथिन हंगामभर तयार करत राहते, त्यामुळे किडीवर निवडीचा दाब अखंड राहतो, म्हणजे प्रथिनाला न जुमानणाऱ्या अळ्याच तेवढ्या वाचून वाढत जातात; न सरावलेल्या किडीलाही आश्रय मिळावा म्हणून साध्या कापसाच्या ओळी लावण्याची सूचना आपल्याकडे जवळजवळ कुणीच पाळली नाही, फरदड घेण्याची, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून आणखी कापूस घेण्याची, सवय होतीच, आणि गुलाबी बोंडअळी प्रतिकारक झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. त्या काळात काही ठिकाणी कापसावर बीटीची फवारणी सुचवली जात होती, ते मला तेव्हाही पटले नव्हते. गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते आणि ते छिद्र बुजून जाते. शिवाय ज्या प्रथिनांना ती आतून सरावली, तीच बाहेरून शिंपडून काय साधणार? फवारणीतला जिवाणू काही दिवसांत नाहीसा होतो म्हणून त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती सावकाश येते, पण येतच नाही असे नाही. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने हवाई बेटांवर शेतात फवारलेल्या बीटीला दाद देणे सोडल्याची नोंद १९९० मध्येच झाली आहे. दर आठवड्याला तेच औषध मारत राहिले की जैविकालाही रासायनिकाचेच भोग भोगावे लागतात.

याच २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर दगावले. रासायनिक औषध कमी करण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत सबळ कारण हेच आहे. ग्राहकाच्या ताटातला अवशेष हा विषय महत्त्वाचा आहेच, पण त्याआधी पंप पाठीवर घेणाऱ्याची पाठ येते. जिवाणूची भुकटी हाताळतानाही तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण भुकटी डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देऊ शकते. तरीही गळक्या पंपामुळे कुणाचा जीव जाईल अशी धास्ती तिच्यात नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. "जिवाणूने कुठं अळी मरते का?" असे म्हणणारे आमचे बहुतेक भाऊबंद दर हंगामात इमामेक्टिन बेंझोएट फवारतात. इमामेक्टिनचे मूळ द्रव्य स्ट्रेप्टोमायसिस अव्हर्मिटिलिस या जिवाणूपासून मिळते. जपानचे सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून तो वेगळा केला होता, आणि त्याच द्रव्यापासून बनलेल्या आयव्हरमेक्टिन या औषधासाठी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पिनोसॅडही असेच, कॅरिबियन बेटावरील रमच्या एका जुन्या कारखान्याच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून आलेले. मात्र ही दोन्ही औषधे अळीच्या मज्जासंस्थेवर आघात करतात आणि ओले असताना मधमाश्यांनाही घातक ठरतात. इमामेक्टिनवर तर कारखान्यात रासायनिक प्रक्रिया झालेली असते. तेव्हा केवळ उगम जिवाणूत आहे म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही. दुकानदाराने "हे पण जैविकच आहे" म्हणून इमामेक्टिनची पुडी पुढे केली, तर हा फरक लक्षात असावा.

किडींखेरीज रोगांविरुद्धही जिवाणू वापरले जातात, आणि मराठवाड्यात त्यांना अधिक विश्वास लाभला तो याच बाजूने. वसमत परिसरातील हळद आणि कन्नड-खुलताबादकडील अद्रक ही दोन्ही पिके कंदकुजीने हैराण होतात. स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांभोवती वाढतो, मातीतले लोह बांधून ठेवून रोगकारक बुरशीची उपासमार करतो, बुरशीला मारक द्रव्ये सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही जागी करतो. बॅसिलस सबटिलिस बुरशीच्या पेशीभित्तिकेवर आघात करणारी द्रव्ये तयार करतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी आणि जिवाणूंचे मिश्रण हळद-अद्रकवाल्यांमध्ये चांगलेच रुळले आहे. हंगामाच्या तोंडावर त्यासाठी विद्यापीठात गर्दी होते. या यशाचे एक साधे कारण आहे : मुळाशी ऊन पोचत नाही, ओल असते, आणि कंदकुज थांबली की नाही हे दुसऱ्या दिवशी पाहायला कुणी जात नाही. तरीही वाफ्यात पाणी साचत असेल तर कोणताही जिवाणू कंद वाचवू शकत नाही; आधी चर काढावा, मग आळवणी करावी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतावे. तसेच ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि स्युडोमोनास एकाच टाकीत कालवू नयेत. तांबे जिवाणूलाही मारते, आणि पैसे दोन्हींचे जातात.

साठवणुकीत या दोन गटांत मोठा फरक आहे. बॅसिलस वंशातले जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतात, त्यामुळे उष्णता बरीच सहन करतात. स्युडोमोनास बीजाणू करत नाही; तो शंखजिऱ्याच्या भुकटीत जिवंत पेशींच्या रूपाने असतो आणि थंड जागेतही काही महिनेच टिकतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसवर जातो, आणि कित्येक कृषी सेवा केंद्रांची गोदामे पत्र्याची असतात. गेल्या हंगामातला उरलेला पुडा जूनमध्ये काउंटरवर आला, तर त्यात जिवंत काय उरले असेल याचा अंदाज कुणीही करू शकतो. म्हणून उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, प्रति ग्रॅम जिवंत पेशींची संख्या आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, एवढे पुड्यावर पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

नोंदणी क्रमांकाचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांत तपासणीअंती रासायनिक कीटकनाशक मिसळलेले आढळल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. यामागचे अर्थकारण उघड आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मागते. खरा जिवाणू ते देऊ शकत नाही, भेसळ केलेली बाटली देऊ शकते. मग खरी बाटली "बिनकामाची" ठरून कपाटात पडून राहते आणि खोटीची शिफारस गावभर होते. आमच्या गावात अशाच एका बाटलीची वाहवा ऐकली होती : संध्याकाळी फवारली, सकाळी रान साफ. मी म्हणालो, "दादा, इतक्या लवकर अळी मेली असेल तर ते जिवाणूचं काम नव्हे." त्यांना ते आवडले नाही, आणि बाटलीवर नोंदणी क्रमांक शोधायला गेलो तर तो कुठेच नव्हता.

शेवटी तुतीचा मुद्दा. बीड आणि जालना जिल्ह्यांत रेशीमशेती झपाट्याने वाढली आहे. सोयाबीन किंवा हरभऱ्याच्या शेजारच्याच पट्टीत तुती उभी असते. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी हा जिवाणू प्रथम वेगळा केला तो रोगाने मेलेल्या रेशीमकिड्यांतूनच. दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्या प्रांतावरून त्याला नाव मिळाले. रेशीमकिडा ही शेवटी अळीच आहे. तिचे आतडे तितकेच अल्कधर्मी आहे आणि शेंडअळी, घाटेअळी यांना मारणारी फवारणी तिलाही मारते. इतर मित्रकीटकांना निरुपद्रवी असलेले हे औषध रेशीम उत्पादकाच्या संगोपनगृहात एका पाल्याच्या भाऱ्यावरून शिरले, तर अख्खी बॅच जाऊ शकते. म्हणून शेजारी तुती असेल तर त्या बाजूच्या ओळींवर बीटी फवारू नये, तिथे सापळे, पक्षीथांबे आणि हाताने अळ्या वेचणे यांवर भागवावे. वारा तुतीकडे वाहत असेल त्या दिवशी फवारणीच करू नये. आणि फवारणीच्या आदल्या दिवशी तुतीवाल्याला निरोप द्यावा, म्हणजे त्याला पुरेसा पाला आधीच कापून घेता येईल. फवारणीचे पंप आणि पाला वाहण्याची पोती एकाच कोठ्यात ठेवण्याची आमच्याकडची पद्धतही त्यासाठी बदलावी लागेल.